शंभर ग्रॅम वाफ

बडोद्यात घर तापवायचा प्रश्न कुणाला पडत नाही, निववायचा पडतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला असं येतं, की गिझर हे यंत्र केवळ मानापानासाठी भिंतीवर टांगलंय असं वाटावं. डिसेंबर-जानेवारीत थोडे दिवस स्वेटर निघतात, ठेवणीतल्या शालींना हवा लागते, आणि उत्तरायणाचे पतंग उतरले की सगळं पुन्हा ट्रंकेत. अशा गावी दांडिया बाजाराच्या नाक्यावर उभं राहून कुणी विचारलं, "घर गरम करायच्या वाफेच्या बॉयलरला प्रेशर कंट्रोल कुठलं घ्यावं हो?" तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतील.

तरीही हा प्रश्न बडोदेकरांना पडू शकतो. त्यासाठी मुलाने अमेरिकेत जुनं घर घ्यावं लागतं आणि बापाने कोयलीतून निवृत्त व्हावं लागतं.

कोयली हे बडोद्याच्या वायव्येचं, बाजव्याच्या अंगाचं गाव. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं, ते कुठेतरी शुद्ध करायला हवं, म्हणून सोव्हिएत मदतीने इथे रिफायनरी उभी राहिली. १९६३ च्या मे महिन्यात नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १९६५ च्या ऑक्टोबरात पहिलं युनिट चालू झालं. वर्षाला वीस लाख टनांनी सुरुवात झाली, पुढे क्षमता एक कोटी सदतीस लाख टनांवर गेली. कागदोपत्री नाव 'गुजरात रिफायनरी', पण बडोद्यात नुसतं 'रिफायनरी' म्हटलं की भागतं. रावपुऱ्यातल्या नि वाडीतल्या मराठी घरांमध्ये एक काळ असा होता, की एक काका रिफायनरीत, एक फर्टिलायझरमध्ये, एक आयपीसीएलमध्ये, आणि ज्याला लवकर उठणं जमत नसे तो युनिव्हर्सिटीत.

रिफायनरी तेलाची म्हणतात, पण तिथे घरभर वावरते ती वाफ. कच्च्या तेलातून हलके भाग सोडवायला वाफ, टर्बाइन फिरवायला वाफ, थंडीत गोठू पाहणाऱ्या जाड तेलाच्या नळांना ऊब द्यायला वाफ. अशा कारखान्यांत वाफेच्याही तीन जाती असतात, एचपी, एमपी आणि एलपी, म्हणजे उच्च, मध्यम आणि कमी दाबाच्या. उच्च म्हणजे साधारण चाळीस किलो, मध्यम दहा-पंधरा, आणि तीन-चार किलोची ती बिचारी एलपी, जिच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. हे 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला इतके किलो, पण शिफ्टमध्ये एवढं लांबण लावायला वेळ कुणाला असतो? "हेडर अडतीसवर आलाय," एवढ्यावर दहा माणसं धावतात. या भाषेत तीस वर्षं काढलेला माणूस मंडईत 'वांगी अर्धा किलो' म्हणतानाही क्षणभर थबकतो, कारण अर्धा किलो म्हणजे त्याच्या लेखी गळती.

सरकारलाही या वाफेचा धाक फार जुना. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलरचा मोठा स्फोट झाला, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ चा बॉयलर अ‍ॅक्ट सगळ्या देशाला लागू झाला. बॉयलरची नोंदणी, वर्षाची तपासणी, इन्स्पेक्टरची सही, आणि चालवायला परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट, असा सगळा थाट. या कायद्याच्या नंतरच्या व्याख्येत काही सुटकेच्या वाटा ठेवलेल्या होत्या. पंचवीस लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर नव्हे, आणि एक किलोपेक्षा कमी दाबाचं भांडंही बॉयलर नव्हे.

पहिली वाट नसती तर भारतातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात इन्स्पेक्टर आला असता. कारण आपला प्रेशर कुकर चालतो तो बरोबर एक किलोवर.

हे वाक्य रिफायनरीतल्या माणसाला ऐकवलं तर तो हसतो, घरी जातो, आणि ओट्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. चुलीवर एक किलोचं प्रेशर, शेजारी मोबाइलवर बोलणारी गृहिणी, लॉगबुक नाही, गेज नाही, ट्रान्समीटर नाही. सगळा कारभार एका शिट्टीवर. ही शिट्टी म्हणजे छिद्रावर ठेवलेलं मोजकं वजन. आतल्या वाफेचा जोर त्या वजनाला भारी पडला की ते उचललं जातं, वाफ निसटते, वजन परत बसतं. याची मूळ कल्पना दनी पापँ या फ्रेंच माणसाची. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं 'डायजेस्टर' मांडलं, आणि भांडं फुटू नये म्हणून तरफेला वजन लावलेली झडप बसवली. त्याला तूरडाळ शिजवायची नव्हती, हाडं मऊ करायची होती. १६८२ मध्ये सोसायटीच्या विद्वानांनी त्या भांड्यात शिजवलेलं जेवण चवीने खाल्लं. विज्ञानाच्या इतिहासात सेफ्टी व्हॉल्व्हची सुरुवात अशी पंगतीतून झालेली आहे, ही गोष्ट मराठी माणसाला मनापासून पटण्यासारखी.

भारतात १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांनी कुकर घरोघर नेला, आणि तेव्हापासून आपण वेळ मोजायचं सोडून शिट्ट्या मोजायला लागलो. वास्तविक शिट्टी हे काही घड्याळ नव्हे. गॅस मोठा असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत एक. कुकरसोबत येणारं पुस्तक सांगतं, की पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करा आणि मिनिटं मोजा. ते पुस्तक प्रत्येक घरात असतं, गॅरंटी कार्डासकट, खालच्या ड्रॉवरमध्ये, पिशवीतून न काढलेलं. शेव-उसळीच्या वाटाण्यांना पाच शिट्ट्या, वरणाला तीन, बटाट्यांना दोन. शिट्ट्यांचा आकडा आईकडून मुलीला जातो; आच किती ठेवायची हे जात नाही. मग मुलगी फोन करून विचारते, "आई, तीन काढल्या तरी डाळ कच्चीच कशी?"

एवढी पार्श्वभूमी असलेला गृहस्थ अमेरिकेत पोचला असं समजा. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास, मुलाचं घर शंभर वर्षांचं, महिना जानेवारी. खोल्याखोल्यांतून ओतीव लोखंडाचे रेडिएटर, आणि तळघरात बॉयलर. अमेरिकेच्या ईशान्येला अशी घरं अजून बरीच आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर १८८२ पासून रस्त्याखालून नळाने वाफ विकली जाते. इंग्रजी सिनेमात मॅनहोलमधून धूर निघताना दिसतो आणि त्यातून कोट घातलेला गुप्तहेर चालत येतो, त्या धुरामागे बऱ्याचदा हीच वाफ असते.

मुलगा म्हणतो, "बाबा, बॉयलरचं प्रेशर कंट्रोल गेलंय. नवीन कुठलं घ्यायचं, तुम्ही बघता का?"

निवृत्तीनंतर बापाला मिळालेलं हे पहिलं सन्मानाचं आमंत्रण. टोपी, मफलर, टॉर्च. तळघरात उतरून तो बॉयलरवरची पाटी वाचतो: जास्तीत जास्त दाब पंधरा पौंड. इथल्या पौंडाचा हिशेब दर चौरस इंचाला. मनातल्या मनात भागाकार होतो, सव्वाचौदा पौंडांचा एक किलो, म्हणजे हे धूड एकूण जेमतेम एक किलोचं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तो पंधरावर. आणि रोज चालवायचं किती? तर जुन्या कंट्रोलच्या खोक्यावरचा आकडा सांगतो, दीड पौंड.

दीड पौंड म्हणजे एकशे पाच ग्रॅम.

चाळीस किलोत हयात गेलेल्या माणसाला कुणी शंभर ग्रॅम सांभाळायला दिले, तर त्याची अवस्था फौजदाराला बालवाडीच्या दारात उभं केल्यासारखी होते. वरच्या मजल्यावर त्याच्या बायकोने लावलेला कुकर या बॉयलरच्या जवळपास दहापट दाबावर चाललाय. इतकंच नव्हे, त्याच्या स्वतःच्या अंगात यापेक्षा जास्त दाब आहे. डॉक्टर ज्याला एकशेवीस म्हणतात तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजलेला दाब ग्रॅममध्ये आणला तर एकशे त्रेसष्ट होतो, आणि खालचा ऐंशी होतो एकशे नऊ. म्हणजे हा बॉयलर घर तापवून बंद होतो तो निरोगी माणसाच्या खालच्या बीपीच्याही किंचित आधी. आपल्या मायदेशातल्या कायद्याच्या दुसऱ्या वाटेच्या तर हा अगदी उंबरठ्यावर. गृहस्थाला वाटतं, हे काहीतरी चुकलेलं आहे. रेडिएटर कोमट राहतात ते याचमुळे. आकडा आठ-दहावर नेला की घर कसं धगधगेल.

नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात. अमेरिकेत जन्मलेलेही चुकतात, फक्त त्यांना चुकायला कोयलीचा अनुभव लागत नाही.

दाब वाढवल्याने उष्णता वाढते हा समज कुकरमधून आलेला आहे, आणि कुकरपुरता खरा आहे. एक किलोवर पाणी एकशेवीस अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण रेडिएटरला डाळ शिजवायची नसते. दीड पौंडावर वाफ असते एकशे तीन अंशांच्या आतबाहेर, दहा पौंडांवर एकशे पंधरा. सगळी धडपड करून मिळाले बारा अंश, आणि तेवढ्यासाठी इंधन जळलं ते वेगळंच. खोलीला ऊब देते ती वाफेची पाणी होतानाची सुप्त उष्णता, किलोमागे साधारण पाचशे चाळीस किलोकॅलरी, आणि ती कमी दाबालाही तेवढीच, किंबहुना कणभर जास्त. शिवाय दाब वाढला की वाफ आक्रसते. एक किलो पाण्याची साध्या हवेच्या दाबाला सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, पंधरा पौंडांवर तीच निम्म्यावर येते. घरातले नळ भरायला फुगलेली, हलकी, चपळ वाफ हवी. दाबून बसवलेली नको.

त्यात रेडिएटरच्या कडेला एक छोटी हवेची झडप असते. नळांतली हवा तिच्यातून बाहेर जायची, आणि वाफ येऊन टेकली की तिने बंद व्हायचं. दाब फार झाला तर ती एकदा बंद झालेली पुन्हा उघडतच नाही. हवा आत अडकते आणि अर्धा रेडिएटर थंड राहतो. घरमालक तळघरात जाऊन दाब आणखी वाढवतो. मग उरलेला अर्धाही थंड होतो. पुढे नळांत जमलेल्या पाण्यावर वाफ आदळायला लागते, रात्री दोन वाजता भिंतीत कुणीतरी हातोडा मारतंय असा आवाज येतो, आणि शेजारी पोलिसांना बोलवावं की भुतं उतरवणाऱ्याला, या विचारात पडतात.

कमी जोरावरही काम भागतं, हे बडोद्याच्या माणसाला एका जागी पटायला हरकत नाही, ती जागा म्हणजे डभोई. गायकवाडांनी १८६२ साली मियागाम ते डभोई असे रूळ टाकले आणि त्यांवरून गाडी ओढली ती बैलांनी. रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलेना. अर्धं जग वाफेच्या मागे पळत सुटलं होतं आणि बडोदा संस्थानाची आगगाडी, आगीशिवाय, शेपट्या पिरगाळत चालली होती. लोक वेळेवर पोचत असत. म्हणजे बडोद्याच्या मानाने वेळेवर.

तर मूळ प्रश्न, घ्यायचं काय? दुकानात दोन खोकी मिळतात. एक प्रेशरट्रोल, करड्या रंगाचं, डब्याएवढं, पिढ्यान्‌पिढ्या हनीवेलच्या नावाने ओळखलेलं. त्याच्या नेहमीच्या घरगुती नमुन्यात दोन आकडे लावायचे असतात. समोरच्या पट्टीवर, कितीवर पुन्हा सुरू व्हायचं. आणि आतल्या पांढऱ्या चाकावर, त्याच्या वर किती जाऊन थांबायचं. साध्या एकनळी घराला अर्धा आणि एक, मिळून दीड. बस. दुसरं खोकं व्हेपरस्टॅट. त्याची पट्टी पौंडांत नसून औंसांत असते. एक औंस म्हणजे जवळपास साडेचार ग्रॅम. इथे वाफेचा कारभार सोनाराच्या तराजूवर जातो. किंमतही सोनाराच्या वळणाची, प्रेशरट्रोलच्या कितीतरी पट.

महाग ते चांगलं, या न्यायाने बाप दुसरं उचलायला निघतो. पण घर बघून ठरवावं लागतं. रेडिएटरला एकच नळ असेल, वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी त्याच एका नळातून संसार करत असतील, तर प्रेशरट्रोल पुरतो. जुन्या दोन नळांच्या पद्धतीत मात्र पाणी परतायचा नळ वर हवेला उघडा असतो. बॉयलरमध्ये एक पौंड दाब चढला की त्या नळात पाणी सत्तर सेंटिमीटर वर ढकललं जातं. दहा पौंड लावले तर सात मीटर. तळघराची उंची संपते, पाणी बॉयलरकडे यायचं नाव घेत नाही, आणि बॉयलर कोरडा पडायला लागतो. तिथे औंसवालं खोकंच हवं, आणि तिथे ते पैसे वसूल करतं.

खरं तर यापेक्षा आधीचा प्रश्न वेगळाच आहे, तो दुकानदार सहसा विचारत नाही: बॉयलर घराच्या मापाचा आहे का? नियम असा, की घरातल्या सगळ्या रेडिएटरांचं क्षेत्रफळ मोजायचं, चौरस फुटाला ताशी दोनशे चाळीस बीटीयू उष्णता धरायची, आणि तेवढाच बॉयलर घ्यायचा. प्रत्यक्षात जुन्या बॉयलरची पाटी वाचून तेवढाच नवा आणतात, वर एक नंबर मोठा, असू दे म्हणून. हा 'असू दे' दोन्ही देशांत सारखाच आहे. नेमका बॉयलर असेल तर दाब चढायच्या आधीच खोलीतला थर्मोस्टॅट समाधान पावतो, आणि प्रेशर कंट्रोल सगळा हिवाळा बसून काढतं. मोठा असेल तर ते बिचारं दर काही मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद करत राहतं, आणि मग म्हणायचं, कंट्रोल खराब निघालं.

कंट्रोल खराब निघालं असं ठरवण्याआधी त्याच्या खालची नळी काढून बघायची असते. तिला तिथे 'पिगटेल' म्हणतात, डुकराचं शेपूट. कोयलीच्या माणसाला ती दिसताच ओळख पटते: अरे, हा तर सायफन! वाफेच्या प्रेशर गेजखाली असतो तोच. त्या वळशात पाणी साठून राहतं, म्हणजे गरम वाफ वरच्या नाजूक पडद्याला शिवत नाही. पण वर्षानुवर्षं तिथे गंज आणि चिखल साठतो, नळी तुंबते, आणि वरच्या खोक्याला खाली काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही. आकडा दीडवर लावलेला, खाली दाब आठवर, आणि साहेब शांत. जुन्या खोक्यांमध्ये पाऱ्याचा स्विच असायचा, तिथे तर वळशाची दिशाही बघावी लागे. तापल्यावर शेपूट किंचित उलगडे, खोकं कले, आणि आतला पारा भलत्याच वेळी सरके.

आपला गृहस्थ नळी काढतो, परातीत धुतो, तारेने साफ करतो. तीस वर्षांची सवय हातात आहे. नवं खोकं बसवतो, अर्धा आणि एक लावतो, आणि गेजकडे बघत उभा राहतो. गेज नियमाप्रमाणे शून्य ते तीस पौंडांचं. दीड पौंड म्हणजे त्यावर काट्याने नुसती कूस बदलणं. त्याने काचेवर टिचकी मारली. चष्मा पुसला. शेवटी मुलाला सांगून शून्य ते तीन पौंडांचं आणखी एक गेज मागवलं, आणि ते आल्यावर रोज सकाळी तळघरात जाऊन एका वहीत आकडा लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, दाब, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात रोज 'नॉर्मल'.

पहिल्या रात्री साडेतीनला थर्मोस्टॅटने हाक दिली. खाली बॉयलर पेटला, वाफ निघाली, तिच्यापुढची हवा नळांतून पळत सुटली, आणि झोपायच्या खोलीतल्या रेडिएटरच्या झडपेतून हळू आवाज आला: सुस्स्स्स. मग टक् करून थांबला.

पलीकडे बायको झोपेतच कुशीवर वळली आणि म्हणाली, "अहो, एक झाली. अजून दोन झाल्या की गॅस बंद करा."